जुन्या घराचा माल, राखेच्या विटा आणि नवं घरकुल

गावात घरकुल मंजूर झालं की सगळ्यात आधी जेसीबी येतो. दोन तासांत मातीचं जुनं घर आडवं होतं. सागवानी मयाल (आडव्या तुळया), वासे, चौकटी, कवेलू म्हणजे कौलं, पायव्याचा दगड, पांढरी माती असं सगळं एकाच ढिगात कालवलं जातं. तो ढीग ट्रॅक्टरनं नाल्याकाठी ओतायचा आणि लगेच भट्ट्यावरून विटा, घाटावरून रेती, क्रशरवरून गिट्टी विकत आणायची, ही आता रीतच झाली आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी अनुदान १ लाख २० हजार रुपये आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. एवढ्या पैशात घर बसवणाऱ्या कुटुंबानं आपलाच चांगला माल आधी फेकायचा आणि मग तसलाच माल उसनवारी करून विकत घ्यायचा, हे बघवत नाही.

दुसरीकडे विदर्भाच्या अंगणात राखेचे डोंगर आहेत. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, तिरोडा, पारस, नांदगाव पेठ इथली औष्णिक केंद्रं जो कोळसा जाळतात, त्यात वजनाच्या ३० ते ४० टक्के राख असते. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळच्या खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि आसपासच्या शेतांत, नाल्यांत राखेचा चिखल पसरला. ही राख विटेत बांधली गेली तर घर होतं, मोकळी राहिली तर शेताला आणि विहिरीला भोवते. शिवाय लाल विटेसाठी शेताचा वरचा सुपीक थर खरवडला जातो, तो वाचतो तो वेगळाच.

पुढचं सगळं एका नियमावर उभं आहे. भिंत, भराव, फरशीखालचा थर, गिलावा आणि तज्ज्ञाच्या सल्ल्यानं स्लॅब, इथं जुना आणि टाकाऊ माल चालतो. पायव्याचं (तळाचा साधा बेड सोडून) आणि कॉलम-बीमचं काँक्रीट मात्र नव्या, पारखलेल्या मालाचंच. फुकट मिळालं म्हणून तिथं काहीही कोंबायचं नाही.

आधी फोटो, मग सब्बल

घरकुलाचे हप्ते कामाच्या टप्प्यांवर मिळतात आणि प्रत्येक टप्प्याचा जागेसह फोटो अपलोड होतो. जुन्या घराचा आणि नियोजित जागेचा फोटो झाल्याशिवाय एक कवेलूही काढू नका. त्याच भेटीत ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला सांगून ठेवा की भिंती राखेच्या विटांच्या असतील आणि जुना दगड, जुन्या विटा वापरणार आहोत. आधी सांगितलेलं असलं की हप्त्याच्या वेळी वाद होत नाही.

पाडायचा काळ दिवाळीनंतरचा. तेव्हा माल कोरडा असतो आणि पुढे पावसापर्यंत बांधकामाला वेळ मिळतो. पाडताना वरून खाली यायचं. पहिल्यांदा कवेलू हातानं उतरवायचे, दोघं वर, दोघं खाली, साखळी करून. मग वासे आणि फाटे, मग मयाल, मग दारं-खिडक्या चौकटीसकट. चौकट भिंतीतून उपटायची नाही. तिच्या बाजूची माती खोदून ती मोकळी करायची, म्हणजे सांधे तुटत नाहीत. भिंत आतल्या बाजूला पाडायची, म्हणजे माती एका जागी राहते. शेवटी पायव्याचा दगड. घरच्या माणसांना आणि दोन मजुरांना हे काम आठवडाभर पुरतं. त्या मजुरीच्या बदल्यात जे हाती लागतं, त्याची किंमत बहुतेक घरांत मजुरीच्या कितीतरी पट भरते.

घरावर किंवा पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर तिथं वेगळी काळजी घ्या. त्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा फुटला, कापला, घासला की ते उडतात, फुप्फुसात जातात आणि वर्षांनंतर असाध्य आजार देतात. पत्रे पाण्यानं भिजवा, हुक सोडवून अख्खे उतरवा, तोंडाला चांगला मास्क बांधा. त्यांचे तुकडे भरावात टाकू नका, चुलीजवळ किंवा गोठ्यात आडोसा म्हणून लावू नका.

चार ढीग

उतरवलेला माल चार जागी ठेवायचा: लाकूड, कवेलू, दगड-विटा आणि माती.

लाकडातले खिळे आधी काढा. मग हातोडीच्या दांड्यानं प्रत्येक तुकडा ठोकून बघा. भरीव आवाज आला तर आत लाकूड आहे, पोकळ आला तर वाळवी. सागाची टोकं बहुधा भिंतीत राहून खराब होतात. तेवढी फूटभर कापली की मधलं लाकूड अगदी खणखणीत निघतं. जुन्या मयालीतून नव्या घराच्या दोन-तीन चौकटी सहज निघतात. जुनं सागवान चांगलं मुरलेलं असतं, ते वाकत नाही. बाजारातल्या ओल्या लाकडाची चौकट पहिल्याच उन्हाळ्यात पिळवटते. सुतारानं जुन्या लाकडाला नाक मुरडलं तरी आपला आग्रह सोडू नका.

कवेलूचे दोन प्रकार वेगळे करा. मंगलोरी म्हणजे इंग्रजी कवेलू अख्खे असतील तर ते या घरातला सगळ्यात मोलाचा माल आहेत, ते पुढे स्लॅबमध्ये जातील. देशी अर्धगोल कवेलू आणि फुटलेले तुकडे सुरखीसाठी (चुन्यात मिसळायची खापरांची पूड) आणि कोब्यासाठी.

जुन्या पक्क्या विटा मातीत किंवा चुन्यात रचलेल्या असतील तर बसुल्यानं टोचून साफ होतात. सिमेंटमध्ये रचलेल्या विटा साफ करताना निम्म्या फुटतात, त्यांच्या मागे लागू नका, त्यांची रोडी करा, म्हणजे फोडून बारीक तुकडे करा. प्रत्येक वीट नखानं खरवडून बघा, नखाचा ओरखडा उठला तर ती कच्ची. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणकन आवाज यावा. जमिनीलगतच्या दोन-तीन थरांतल्या विटांवर पांढरा लोणा, म्हणजे क्षाराचा थर, दिसेल. त्या विटा नव्या भिंतीत नकोतच, गिलावा फुगवून टाकतात. त्या अंगणाच्या ओट्यात किंवा भरावात घाला.

माती ओली होऊ देऊ नका, ताडपत्री टाका. गावठाणातली ही पांढरी माती आपल्या आजोबा-पणजोबांनी निवडून आणलेली असते. काळ्या मातीसारखी ती फुगत नाही, आणि आज गावात ती नव्यानं मिळणं अवघड झालं आहे.

पायवा: इथं काटकसर नको

विदर्भात घरांना पडणाऱ्या बहुतेक तड्यांचं मूळ वर भिंतीत नसतं, खाली असतं. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आक्रसून भेगाळते, इतकी की भेगेत हात जातो. तिच्यावर ठेवलेलं घर दरवर्षी वरखाली होतं. म्हणून काळा थर पूर्ण खोदून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. तीन-चार फुटांवर मुरूम लागला तर तिथूनच पायवा उचला. जुन्या घराचा दगड इथं छान वापरता येतो. पश्चिम विदर्भात तो काळा बेसाल्ट असतो आणि शेकडो वर्षं टिकतो. ठिसूळ झालेला, पापुद्रे सुटणारा दगड तेवढा बाजूला काढा.

मुरूम फार खोल असेल तर केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं, म्हणजे रुडकीच्या सीबीआरआयनं, अशाच मातीसाठी विकसित केलेल्या खालच्या टोकाला फुगीर असलेल्या पाइलबद्दल अभियंत्याला विचारा. खोल काळ्या मातीत ते पाइल साधारण साडेतीन मीटरपर्यंत उतरवतात, कारण ऋतूनुसार मातीची हालचाल तिथपर्यंत पोचते. पायव्यावर जोत्याच्या पातळीला सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा घ्याच. त्यासाठी नवी गिट्टी, चांगली रेती आणि ताजं सिमेंट लागेल.

पायव्याच्या तळाला जो साधा काँक्रीटचा बेड घालतात, त्यात जुन्या सिमेंट काँक्रीटची फोडलेली रोडी निम्म्यापर्यंत चालते, अट एवढीच की ती ४० मिलिमीटरच्या आसपास फोडलेली आणि माती धुतलेली असावी. त्यापुढे नको.

जोत्याच्या आतला भराव हा मात्र टाकाऊ मालाचा हक्काचा रस्ता आहे. विटांचे तुकडे, देशी कवेलूची खापरं, लोण्याच्या विटा, मुरूम, बारीक दगड हे सगळं तिथं जाऊ द्या. सहा-सहा इंचांचे थर टाका, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि धुमसानं कुटा. खड्डा खणताना निघालेली काळी माती मात्र भरावात परत ढकलायची नाही. मजूर तेच करतात, कारण ती तिथंच पडलेली असते. तिच्यावर घातलेली फरशी दोन पावसाळ्यांत उचलते. ती माती शेतावर न्या.

राखेच्या विटा: घ्यायच्या की बनवायच्या

एका घरासाठी विटा स्वतः बनवू नका. हायड्रॉलिक दाबाचं मशीन, पॅन मिक्सर आणि दोन-तीन आठवड्यांची तराई (पाणी मारून ओलं ठेवणं) एका घराला परवडत नाही, आणि हातसाच्यात ठोकलेली राखेची वीट दाबली न गेल्यानं कमजोर राहते. विदर्भात राखेच्या विटांचे कारखाने पुष्कळ आहेत, तिथून पारखून घ्या. पण एकाच गावात किंवा शेजारच्या दोन-तीन गावांत वीस-तीस घरकुलं एका वर्षी होणार असतील आणि एखादा बचत गट किंवा ग्रामपंचायत पुढे येत असेल, तर मशीन भाड्यानं आणून गावात विटा पाडणं जमतं. वाहतूक वाचते, मजुरी गावात राहते.

पाडायच्या असतील तर राख कोणती घेता ते महत्त्वाचं. धुराड्याच्या आधी धूर गाळून पकडलेली कोरडी, पिठासारखी बारीक राख विटेला सगळ्यात चांगली. ती बंद टँकरमधून येते. तलावात पाण्याबरोबर सोडलेली राख जाडीभरडी, ओली आणि प्रत्येक खेपेला निराळी असते. तिच्या विटा होतात, पण मिश्रण दर खेपेला तपासावं लागतं. भट्टीच्या तळाला पडणारी खरखरीत राख रेतीच्या काही भागाऐवजी वापरता येते.

मिश्रण वजनानं करा, घमेल्यानं नाही. राख फुलते, तिचं भरलेलं घमेलं डोळ्याला फसवतं. अडत्याकडचा धान्याचा काटा पुरतो. ५० किलो सिमेंटच्या एका बॅगेला साधारण २८० किलो राख आणि १७० किलो क्रशरची चुरी. क्रशरवर साचलेली ही चुरी म्हणजे आणखी एक टाकाऊ मालच आहे. नागपूर परिसरात वेकोलिनं, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सनं, कोळसा खाणींच्या वरच्या मातीतून वेगळी केलेली रेतीही मिळते. एवढ्या मिश्रणात ९ × ४ × ३ इंचाच्या, साधारण सव्वातीन किलोच्या दीडशेच्या आसपास विटा निघतात. सिमेंट साधं, राख न मिसळलेलं, म्हणजे ओपीसी घ्या. पीपीसीच्या बॅगेत आधीच १५ ते ३५ टक्के राख मिसळलेली असते, त्यामुळे तुमचं प्रमाण कळत नकळत बिघडतं.

सिमेंटऐवजी चुना आणि जिप्सम वापरूनही विटा होतात. विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास या संशोधक दांपत्यानं ती पद्धत देशभर नेली. चुना ताजा आणि चांगला मिळाला तर ती स्वस्त पडते, पण चुन्याचा दर्जा सांभाळणं गावात कठीण जातं. म्हणून पहिल्यांदा सिमेंटनंच सुरुवात करा.

आधी कोरडंच मिसळा, रंग एकसारखा होईपर्यंत. मग पाणी थोडं थोडं. मूठभर मिश्रण दाबल्यावर गोळा बनला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. पाणी टाकल्यापासून तासाभरात ते मिश्रण मशीनमधून निघालंच पाहिजे. दुपारच्या जेवणासाठी थांबवलेल्या मिश्रणाच्या विटा नंतर भुगा होतात.

काढलेल्या विटा दोन दिवस सावलीत, हलवू नका. मग रचून पोत्यांनी झाका आणि किमान १४ दिवस, जमलं तर २१ दिवस, दिवसातून तीनदा पाणी मारा. राखेच्या विटेची ताकद आगीतून येत नाही, ओलीतून येते. म्हणूनच विदर्भात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करायचं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांवर, सकाळी मारलेलं पाणी दहा वाजेपर्यंत उडून जातं आणि वीट आतून अर्धीच पिकते. २८ दिवसांनी वीट भिंतीत लावायला तयार होते.

राख हाताळताना नाकातोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, धूळ गाळणारा मास्क हवा. राखेच्या बारीक धुळीत सिलिका असते. ट्रॉली ताडपत्रीनं झाकून आणा, ढीग शिंपडून ओला ठेवा आणि विहीर, बोअर, नाला यांच्यापासून दूर करा, कारण उघड्या ढिगातून पावसाचं पाणी जड धातू घेऊन झिरपतं. लहान मुलं या ढिगात खेळायला धावतात. ढिगाला काटेरी कुंपण घाला.

विकतची वीट पारखताना

कारखान्यावर गेल्यावर वरच्या थरातल्या विटा बघू नका, मधल्या थरातल्या काढायला सांगा. कडा सरळ आणि अंगठ्यानं न चुरणाऱ्या हव्यात. खिळ्यानं खरवडा, खोल चरा पडता कामा नये. छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सपाट सोडा, चांगली वीट दोनदा तग धरते. मग पाच-सहा विटा घरी आणा, उन्हात कोरड्या करून वजन करा आणि २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर जायला नको. म्हणजे पाणी पिणं २० टक्क्यांच्या आत. पाण्यातून काढलेल्या विटेची कड हातानं सुटत असेल तर ट्रक परत पाठवा.

दाब सहन करण्याचा अहवालही मागा. प्रति चौरस सेंटिमीटर ७५ किलोच्या आसपासचा आकडा असेल तर एकमजली घराला भरपूर झाला. जवळच्या अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतन महाविद्यालयात ही चाचणी करून मिळते. वीटही किमान २८ दिवस जुनी असावी. ताजी वीट भिंतीत लावली तर ती तिथं आक्रसते आणि गिलाव्यावर बारीक तड्यांची जाळी उमटते, मग दोष राखेला लागतो.

भिंत: पोकळी ठेवून बांधा

राखेच्या विटांची मापं अगदी सारखी असतात. त्यामुळे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप बांधणी या विटांत सुरेख बसते. वीट आडवी निजवायची नाही, कडेवर उभी करायची. एक वीट भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, तशीच दुसरी आतल्या बाजूला, मध्ये तीन इंच मोकळी जागा. मग एक वीट दोन्ही बाजूंना जोडणारी, तीही कडेवर. भिंत बाहेरून ९ इंचीच दिसते, पण विटा कमी लागतात आणि मधल्या हवेमुळे बाहेरचं ऊन आत उशिरा पोचतं. आपल्या भागात हे दुसरं कारण पहिल्याइतकंच मोठं आहे.

घरातली म्हातारी माणसं विचारतात, "बावा, पोकय भित कशी टिकन?" त्यांना दाखवून द्या की जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा थर, लिंटेलखालचा (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्ट्याखालचा) आणि स्लॅबखालचा थर भरीव असतो. कोपरे आणि दार-खिडकीच्या बाजूही भरीव असतात, तिथल्या पोकळीत काँक्रीट आणि अभियंता सांगेल तिथं उभी सळई. स्लॅबचा भार असा वाटला जातो.

हिशेब असा: पाच मीटर बाय पाच मीटरचं घर, मध्ये एक भिंत, उंची तीन मीटर, दार-खिडक्या वजा करून सुमारे ६५ चौरस मीटर भिंत. साध्या ९ इंची बांधणीला सहा हजारांच्या वर विटा लागतात, रॅट-ट्रॅपला त्याहून कमी. तेवढ्या विटांत आठ टनांच्या वर राख कायमची बंद होते.

मिस्त्रीला तीन गोष्टी बजावून सांगा. लाल विटेसारखी ही वीट हौदात भिजवायची नाही, लावण्याआधी नुसतं पाणी शिंपडायचं. सिमेंट-रेतीचा माल १:६ चा, सांधा १० मिलिमीटरचा, त्याहून जाड नको. आणि रॅट-ट्रॅपमध्ये माल पोकळीत पडू देऊ नये, पोकळीच्या तोंडावर फळी ठेवून सांधा भरायचा. ज्या मिस्त्रीनं ही बांधणी कधी केलेली नाही, त्याच्याकडून आधी संडासाची किंवा गोठ्याची भिंत करून घ्या. हात बसला की तो स्वतःच पुढच्या घरी सुचवतो.

स्लॅबमध्ये मंगलोरी कवेलू

स्लॅबच्या खालच्या भागात ओढ असते आणि ती सळई झेलते. तिथलं काँक्रीट बहुतांशी वजनच वाढवतं. म्हणून सळयांच्या चौकटींमध्ये खालून जुने मंगलोरी कवेलू ठेवायचे आणि काँक्रीट फक्त पट्ट्यांत आणि वरून घालायचं. दोन कवेलू एकमेकांवर तोंडाला तोंड लावून ठेवले की त्यांच्यात हवा अडकते. स्लॅब हलका होतो, काँक्रीट वाचतं आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात खाली झोपणं सुसह्य होतं. खालून कवेलूंची लाल नक्षी दिसते, गिलाव्याची गरजच राहत नाही.

हे काम अभियंत्याच्या नकाशाशिवाय करू नका, कारण सळईची जाडी आणि अंतर साध्या स्लॅबपेक्षा वेगळं येतं. आपण बघायचं ते एवढं: कवेलू अख्खे आणि धुतलेले असावेत. काँक्रीट टाकायच्या आधी ते भिजवलेले असावेत, नाहीतर काँक्रीटमधलं पाणी पिऊन घेतात. दोन कवेलूंच्या मध्ये सळईसाठी साधारण चार इंचांचा पट्टा सुटावा. भिंतीलगत फूटभर कवेलू नको, तिथं भरीव काँक्रीट. कवेलूच्या वर किमान दोन इंच काँक्रीट यावं. आणि मजुरांनी कवेलूवर पाय देऊ नये, फळ्या टाकून चालावं.

सुरखी, पांढरी माती आणि एक छोटी चाचणी

देशी कवेलूची खापरं कुटून चाळली की सुरखी तयार होते. नरम भाजलेली खापरं कडक भाजलेल्यांपेक्षा चांगली सुरखी देतात. चुना, सुरखी आणि रेती समभाग घेतलं की आतल्या गिलाव्याला उत्तम माल होतो, फक्त दोन आठवडे ओला ठेवावा लागतो.

सुरखी असो की कुठलीही राख, ती चुन्याशी धरते की नाही हे घरीच कळतं. एक भाग चुना, दोन भाग पूड, थोडं पाणी घालून पेढ्याएवढी वडी करा. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत आठ दिवस ठेवा, मग पाण्यात टाका. वडी घट्ट राहिली तर माल कामाचा. विरघळली तर तो भरावातच बरा.

भंडारा-गोंदियात राइस मिलच्या मागे धानाच्या कोंड्याची राख पडलेली असते, तिच्यासाठी ही चाचणी फार उपयोगी. नियंत्रित तापमानाला, ६०० ते ७०० अंशांवर, जाळलेल्या कोंड्याच्या करड्या-पांढऱ्या राखेतली सिलिका चुन्याशी चांगली जुळते. बॉयलरमधून येणारी काळी राख बहुतेकदा अर्धवट जळालेली असते. ती सिमेंटमध्ये मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका.

पांढरी माती गाळून, कुटार (भुसा) आणि शेण घालून आठ दिवस भिजत ठेवा, रोज तुडवा. हिच्या गिलाव्यानं आतल्या खोल्या थंड राहतात. सेवाग्रामची बापू कुटी अशाच मातीच्या, बांबूच्या, कवेलूच्या मालाची आहे आणि निगा राखल्यानं आजही उभी आहे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं स्थानिक मालाच्या घरांवर बरंच काम केलं आहे, जाऊन बघण्यासारखं आहे. मातीचा गिलावा पावसाच्या माऱ्यावर टिकत नाही, म्हणून तो आतून किंवा पडवीच्या आडोशाला.

पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या, गोठ्याच्या, चुलीच्या खोलीच्या कुडाला वापरा, दोन्ही बाजूंनी लिंपून. पण पऱ्हाटीवर राहिलेली बोंडं आधी तोडून नष्ट करा, त्यांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. आणि पऱ्हाटीची गंजी पुढच्या पेरणीपर्यंत शेताच्या धुऱ्यावर ठेवू नका.

वरचा थर आणि पन्हाळी

स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घाला, उतार दर दहा फुटांना किमान दीड इंच. त्यावर तालुक्याच्या टाइल्सच्या दुकानात फुटून पडलेले पांढरे तुकडे बसवा. दुकानदार ते उचलून नेणाऱ्याला आनंदानं देतात. पांढरा रंग ऊन परतवतो आणि पाणी मुरत नाही. तुकड्यांमधल्या फटी पांढऱ्या सिमेंटनं घट्ट भरा आणि आठ दिवस तराई करा. पन्हाळीचं तोंड भिंतीपासून किमान दीड फूट बाहेर काढा. घराभोवती तीन फुटांचा पट्टा उरलेल्या रोडीनं भरून, वरून कोबा करून बाहेर उतरता करा, म्हणजे छपराचं पाणी पायव्याजवळच्या काळ्या मातीत मुरणार नाही.